अप्पांनी मंजूर केलेली भिंत

आमच्या गल्लीत कुंपणाच्या भिंतीसाठी कुणीही कधी परवानगी घेतलेली नाही. हे मला भिंत बांधायला आलेल्या मेस्त्रीने सांगितलं, कोपऱ्यावरच्या इस्त्रीवाल्याने सांगितलं, आणि इतकी वर्षं या शहरात काढून ज्याला रिक्षावाल्याशी तमिळमध्ये दोन वाक्यं धड बोलता येत नाहीत त्या माझ्या नवऱ्यानेही सांगितलं. आम्ही मात्र घेतली. आम्ही फार नियमाची माणसं आहोत असं नाही. अप्पांनी खणू दिलं नाही, म्हणून घेतली.

अप्पा म्हणजे माझे वडील. त्यांची सगळी नोकरी सातारा जिल्ह्यातल्या एका लहान गावच्या नगरपालिकेत गेली, आणि तीही एकाच टेबलावर. बांधकाम परवानगीच्या. कुणाला माडी चढवायची असो की दारात ओटा घालायचा असो, कागद अप्पांच्या हाताखालून जायचा. गावात त्यांना लोक भीत आणि घरात आम्हीही भीत असू. आई गेल्यावर मी त्यांना चेन्नईला आणलं तेव्हा ते विसरायला लागले होते. आधी चष्मा कुठे ठेवला ते विसरत, मग जेवण झालंय हे, मग आई गेलीय हे. शेवटी मला विसरले. म्हणजे मी कुणीतरी आहे हे त्यांना कळतं, पण मुलगी म्हणून नाही. ते मला मॅडम म्हणतात. मी दिवसभर लॅपटॉपपुढे बसून फोनवर लोकांना झापत असते, त्यावरून त्यांनी ठरवलंय की मी नगरपालिकेत नव्याने बदलून आलेली मुख्याधिकारी आहे. मी खोलीत शिरले की ते उठून उभे राहतात. पहिल्यांदा ते उठले तेव्हा मी बाथरूममध्ये जाऊन रडले होते. नंतर सवय झाली, आणि खरं सांगायचं तर थोडं बरंही वाटायला लागलं. जन्मभर ज्यांच्यापुढे मी उठून उभी राहिले, ते माझ्यासाठी उठत होते.

मैलापूरचा भाड्याचा फ्लॅट सोडून आम्ही अण्णा नगरच्या पलीकडे हे जुनं बैठं घर घेतलं ते त्यांच्यासाठीच. मागे अंगण, दोन नारळ, एक शेवग्याचं झाड. नवरा पहाटेच गुम्मिडिपूंडीच्या कारखान्याकडे निघतो, मी बहुतेक दिवस घरून काम करते. आमच्या आणि शेजारच्या अंगणांच्या मध्ये काटेरी झुडपांचं कुंपण होतं, आणि त्या कुंपणाला शेवग्यापाशी एक खिंडार होतं. माणूस आरामात जाईल एवढं. पलीकडे अक्का राहतात.

अक्का तंजावरच्या मराठी. शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेल्या, एकट्या. आम्ही राहायला आलो त्या दिवशी त्या त्याच खिंडारातून हातात तांब्याभर ताक घेऊन आल्या आणि म्हणाल्या, "तुमी मराठी म्हणून ऐकलें. अस्के बरें हाय की?" मी हसू दाबलं. तंजावरचं मराठी मी त्याआधी ऐकलंच नव्हतं; 'अस्के' म्हणजे सगळे, हे मला मागाहून कळलं. जुन्या पोथीतलं कुणी तमिळ हेल काढून बोलतंय असं मला वाटलं. मी त्यांच्याशी मराठी सोडून इंग्रजीवर गेले. अप्पा मात्र खुर्चीतून उठले, पुढे झाले आणि म्हणाले, "या बाई, बसा. कुठल्या वॉर्डातल्या तुम्ही?"

त्यानंतर अप्पा रोज सकाळी त्या खिंडारातून पलीकडे जायला लागले. अक्कांच्या मागच्या पायरीवर बसायचे. अक्का पितळी डबऱ्यात कॉफी द्यायच्या, "घ्यां हो दादा, आवून जाईल" म्हणायच्या, म्हणजे निवून जाईल, आणि अप्पा तासभर बोलत राहायचे. काय बोलायचे? एकदा मी शेवग्याच्या शेंगा काढायचं निमित्त करून ऐकलं. माझ्या जन्माच्या वेळी दवाखान्यात पोचायला त्यांना उशीर झाला, आणि तो उशीर आईने त्यांना कधी विसरू दिला नाही, असं ते अक्कांना सांगत होते. "मुलगी झाली हो मला. अशी एवढीशी." त्यांनी हाताने माप दाखवलं. मला त्यांनी हे कधीच सांगितलं नव्हतं. मी शेंगा तशाच टाकून आत आले, आणि त्या दिवशी अक्कांचा मला राग आला. कारण काही नव्हतं. तरी आला.

मग तो बसस्टॉपचा प्रकार झाला. आमच्या पुढच्या फाटकाला मी कुलूप घालत होते, पण अक्कांच्या फाटकाला नुसती कडी असायची. अप्पा खिंडारातून पलीकडे गेले, अक्का आत कॉफी करत होत्या, आणि हे फाटकातून बाहेर पडून मोठ्या रस्त्यावर जाऊन बसची वाट बघत उभे राहिले. ऑफिसला निघाले होते. कुणी तमिळमध्ये काही विचारलं की मराठीत झापत होते. मी त्या वेळी कॅमेरा लावून मीटिंगमध्ये बसले होते. वडील घरात नाहीत याचा मला पत्ताच नव्हता. त्यांना शोधायला अक्का अनवाणी धावल्या आणि रिक्षात घालून त्यांनीच घरी आणलं. अक्कांच्या पायाला काच लागली होती. मी त्यांचे आभार मानले आणि त्याच संध्याकाळी नवऱ्याला म्हटलं, भिंत घालायची.

अक्का दुसऱ्या दिवशी आल्या. "मी गेटास कुलूप घालतें. किल्ली कमरेस ठेवतें. ते येऊं देत." मी म्हटलं, तुम्हाला कशाला त्रास. त्या म्हणाल्या, त्रास कसला, मी पाहून घेतें. मी पुन्हा म्हटलं, नाही नाही, त्रास नको. बोलणं किती गोड होतं! त्या गोड बोलण्याच्या आत काय होतं ते मला तेव्हाही माहीत होतं. माझा बाप शेजारच्या पायरीवर जाऊन माणसात येत होता आणि माझ्या घरात कारकून होऊन बसत होता, हे मला सहन होत नव्हतं. बसस्टॉप खरा होता, भीतीही खरी होती. पण ती भीती माझ्या कामी आली, हेही तितकंच खरं आहे.

मेस्त्री माणसं घेऊन आला आणि चुन्याची रेघ मारून पहिली कुदळ घातली, तोच अप्पा अंगणात आले. धोतर, वर शर्ट, खिशाला पेन.

"काम थांबवा," ते म्हणाले. "परवानगी दाखवा."

मेस्त्रीने माझ्याकडे बघितलं. "यारु म्मा इवरु? कॉर्पोरेशन आळा?"

मी त्याला सांगणार होते की कॉर्पोरेशनचा माणूस नाही रे बाबा, माझे वडील आहेत. पण अप्पा त्या रेघेवर जाऊन उभे राहिले होते. कुदळीच्या पुढ्यात, अनवाणी, ताठ. किती दिवसांनी मी त्यांना ताठ उभं बघत होते! हाताला धरून बाजूला करायचं माझ्या जिवावर आलं. मेस्त्री म्हणाला, या गल्लीत कुणीच परमिशन घेत नाही म्मा, तुम्ही उगाच खर्चात पडताय. मी त्याला परत पाठवलं. अप्पा माझ्याकडे वळून म्हणाले, "मॅडम, तुमच्याच आवारात असं झालं तर गावाला काय सांगणार आपण?"

तेव्हा रीतसर अर्ज करायचा ठरला. परवानाधारक इंजिनियर गाठला, त्याने नकाशा काढला. आपल्याकडे सातबारा तसा इथे पट्टा; त्याची प्रत काढली. हे सगळं कॉम्प्युटरवरून भरायचं असतं, पण अप्पांच्या समाधानासाठी मी प्रत्येक कागद छापून त्यांना दिला. एक फाइल आणली, लाल फीत शोधून आणली. खोटं खोटं खेळायला मूल बसवावं तसं मी त्यांना बसवत होते. पण ते खेळत नव्हते. इंजिनियरच्या नकाशात त्यांनी उत्तर दिशा चुकीची पकडली. भिंतीची उंची रस्त्याच्या पातळीपासून धरलीय की अंगणाच्या, असं विचारलं, आणि इंजिनियरला ते पुन्हा मोजावं लागलं. मी ऑफिसच्या फोनवर असले तरी ते दारात येऊन थांबायचे, फोन ठेवला की "मॅडम, एक शंका" म्हणायचे.

आणि ते सुधारले. मी हे मनाचं सांगत नाही. रात्री झोपायला लागले. जेवल्याचं लक्षात ठेवायला लागले. बसस्टॉपचं नाव काढेनात, कारण ऑफिस आता घरातच होतं. खिंडारातून पलीकडे जायचे, पण हातात फाइल घेऊन, "स्थळपाहणीला". आणि कॉफी पिऊन वेळेत परत यायचे. एकदा नवरा म्हणाला, "अर्ज केला तेवढ्यानेच काम झालं म्हणायचं. आता भिंत कशाला?" मी त्याच्या अंगावर धावून गेले. तू दिवसभर गुम्मिडिपूंडीला, तुला काय माहीत, असं काहीतरी म्हणाले. तो बरोबर बोलत होता म्हणून मी ओरडले होते.

इथल्या ऑफिसने शेजाऱ्याची संमती मागितली नव्हती. भिंत आमच्याच हद्दीत होती. पण अप्पांच्या नगरपालिकेत पद्धत होती की लगतच्या मालकाचं म्हणणं घेतल्याशिवाय फाइल पुढे जायची नाही. तेव्हा ते अक्कांकडे गेले आणि परत येऊन उभ्या उभ्या मला म्हणाले, "मॅडम, लगतच्या बाईंची हरकत आहे."

मी गेले. अक्का पायरीवर कडधान्य निवडत बसल्या होत्या. मी बसायच्या आधीच त्या म्हणाल्या, "होय, मला हरकत हाय. त्यांनी विचारलें, मी सांगितलें. तुमी विचारलें नाहीं."

मी समजावायला लागले. मोठा रस्ता, बसगाड्या, ट्रक. तुम्ही आत असलात, कडी राहिली, तर? "उद्या ते गाडीखाली आले तर तुम्ही काय कराल अक्का?" हे मी म्हटलं. ज्या बाईच्या पायाची जखम अजून भरली नव्हती, तिला मी हे म्हटलं. त्यांचा हात सुपात थांबला. मग म्हणाल्या, "तुमचा बाप. मी कोण?" आणि कागद मागितला. अप्पांनी आपल्या हाताने लिहिलेल्या हरकत नसल्याच्या त्या कागदावर त्यांनी तमिळमध्ये सही केली. मराठी बोलता येतं, लिहिता येत नाही, असं त्या मला एकदा म्हणाल्या होत्या. मी कागद घेऊन खिंडारातून परत आले. त्या खिंडारातून मी स्वतः गेले-आले ते तेवढंच.

परवानगी आली ती फोनवर. एक मेसेज, त्यात एक दुवा. मी ती छापली आणि दोन दिवस अप्पांना दाखवली नाही. कपाटात ठेवून दिली. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, अशी माझी अवस्था. दाखवली की फाइल संपणार, आणि फाइल संपली की ते पुन्हा बसस्टॉपवर. नाही दाखवली तर भिंत नाही. मेस्त्रीचा सारखा फोन येत होता. ऑक्टोबरचा पाऊस तोंडावर आलाय, आता नाही तर जानेवारीत पोंगलनंतरच, असं तो म्हणत होता. शेवटी मी ती त्यांच्या टेबलावर ठेवली.

त्यांनी कागद वाचला. मग पुन्हा वाचला. मग म्हणाले, "कॉर्पोरेशनचं ठीक आहे. आपली शेवटची स्थळपाहणी राहिलीय." आणि एकटेच मागे गेले. मी स्वयंपाकघराच्या खिडकीतून बघत होते. ते कुंपणाच्या कडेने हळूहळू चालत गेले, शेवग्यापाशी थांबले, खाली वाकून जमीन बघितली. तिथे गवत उगवत नव्हतं. रोजच्या जाण्यायेण्याने माती घट्ट, गुळगुळीत झाली होती. त्यांनी चप्पल काढून त्या मातीवर पाय ठेवून बघितला, मग पलीकडे अक्कांकडे जाऊन आले.

आत येऊन ते माझ्यासमोर उभे राहिले. मी बसा म्हटलं तरी बसले नाहीत.

"मॅडम, मंजुरी देता येणार नाही. तिथे वहिवाट आहे."

"कसली वहिवाट?"

"पाऊलवाट आहे. कुणीतरी रोज ये-जा करतं. वापर जुना दिसतो. नकाशात दाखवलेली नाही, पण जागेवर आहे. अशी वाट बंद करायची तर वापरणाऱ्याचं म्हणणं घ्यावं लागतं."

मी समोरचा लॅपटॉप मिटला.

"मी चौकशी केली," अप्पा म्हणाले. "पलीकडच्या बाईंना विचारलं, कोण येतं म्हणून. एक वयस्कर गृहस्थ येतात म्हणाल्या. एकटे आहेत. सकाळी येऊन घटकाभर बसतात, बोलतात. नाव काही सांगितलं नाही बाईंनी." त्यांनी चष्मा वर केला. "त्या गृहस्थांना विचारलंय का आपण?"

तेव्हा मी काहीही म्हणू शकले असते. विचारते म्हणू शकले असते, आणि ते फाइल घेऊन आणखी काही आठवडे सुखाने बसले असते. राहू द्या ती वाट, असं मुख्याधिकारी म्हणून सांगू शकले असते. माझ्याच सहीचा प्रश्न होता. अप्पा, ते गृहस्थ तुम्हीच, असंही म्हणता आलं असतं. तेवढं मात्र त्यांना कळलं नसतं.

"विचारलं," मी म्हटलं.

"काय म्हणाले?"

"हरकत नाही म्हणाले."

"लेखी दिलंय?"

"तोंडी."

त्यांनी मान हलवली. "तोंडी चालत नाही, मॅडम." मग माझ्याकडे बघितलं. माझा चेहरा कसा झाला होता मला माहीत नाही. ते जरा वेळ बघत राहिले, आणि आवाज खाली आणून म्हणाले, "पण तुम्ही स्वतः विचारलंत ना? तुम्ही म्हणता तर झालं." त्यांनी पेन काढलं, कागदाच्या कडेला बारीक अक्षरात "संबंधितांची हरकत नाही" असं लिहिलं आणि खाली सही केली. माझ्या माहितीत नोकरीभर त्यांनी कुणाच्या तोंडी शब्दावर सही केली नव्हती. ते घरी फुशारकीने सांगायचे तसं. माझ्या शब्दावर केली.

भिंत आठवडाभरात उभी राहिली. अप्पा रोज खुर्ची टाकून बसायचे, ओळंबा लावायला लावायचे. मेस्त्री त्यांना सलाम करायला लागला होता. खिंडार ज्या दिवशी बुजलं त्या दिवशी पलीकडून काहीच आवाज आला नाही.

अक्का त्यानंतर पुढच्या दाराने आल्या. डबऱ्यात कॉफी, वर ताटली झाकलेली. रस्त्याला वळसा घालून यायचं म्हणजे कॉफी निवलेलीच असणार. अप्पांनी त्यांना ओळखलं नाही. मागच्या पायरीवरच्या बाई त्यांना ठाऊक होत्या. पुढच्या दारातून आलेल्या या कोण हे त्यांना कळेना. त्यांनी खुर्ची दिली, "काय काम आहे आपलं?" विचारलं. अक्का म्हणाल्या, "काम काय नाहीं. पाहून जावें म्हणून आलें." अप्पा म्हणाले, "अर्ज असेल तर मॅडमकडे द्या." अक्का आणखी एकदा तशा आल्या. मग नाही आल्या. मी त्यांना बोलवायला गेले नाही. काय तोंड घेऊन जाणार होते?

अप्पा आता सुखरूप आहेत. कुठे जात नाहीत. सगळे मला म्हणतात, बरं केलंस, जिवाचा घोर गेला. कुंपणच शेत खातं असं आपल्यात म्हणतात, ते दुसऱ्यांविषयी म्हणताना किती सोपं असतं! फाइल मिटल्यावर अप्पा पुन्हा कमी बोलायला लागले. मी जुने नकाशे, कुठलेही कागद त्यांच्यापुढे ठेवून बघितले. ते चाळतात आणि बाजूला सारतात. यात सही कुठे करायची आहे, असं विचारतात.

परवा संध्याकाळी ते मागे उभे दिसले. मी चहा झाला म्हणून सांगायला गेले. ते शेवग्यापाशी भिंतीला हात लावून उभे होते, गिलावा नीट बसलाय का बघावं तसे. माझी चाहूल लागली तसे जरा सरळ झाले.

"काम चांगलं झालंय मॅडम," ते म्हणाले. "नियमात झालंय."

"हो."

"एक विचारू का?" भिंतीवरचा हात त्यांनी काढला नाही. "ते गृहस्थ आता कुठून जातात हो?"

मी म्हटलं, पुढच्या रस्त्याने जातात.

"असं का?" अप्पा म्हणाले. "लांब पडत असेल त्यांना."

मग ते माझ्यामागून चहा प्यायला आत आले, आणि मी बसेपर्यंत उभेच राहिले.